तडवी सरांना मी जे शिकवलं

हे लिहायला मी किती वेळा बसलो आणि उठलो, त्याची मोजदाद नाही. कधी चष्मा सापडला नाही, कधी कुणी भेटायला आलं, कधी नुसतंच उद्या बघू म्हटलं. कारणांना काय तोटा? खरं कारण एकच होतं. सांगायचं नव्हतं. बायकोला सांगितलं नाही, मुलांना नाही, ज्यांच्याबरोबर तीस वर्षं डबा वाटून खाल्ला त्या शिक्षकमित्रांना नाही. आणि ज्याला सांगायलाच हवं होतं — त्यालाही नाही.

आता सत्तरी ओलांडली. तुमची-माझी ओळख नाही, हे एक बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. ते पुढे दिसेलच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. सावद्याजवळचं गाव, केळीच्या बागांच्या मधोमध शाळा. पहिली आणि दुसरी, दोन्ही वर्ग माझ्याकडे, एकाच खोलीत. डावीकडे पहिली, उजवीकडे दुसरी. मी वाईट शिक्षक नव्हतो. हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट शिक्षकाच्या हातून हे घडलं नसतं. त्याच्याकडे शिकायला कोण आलं असतं?

महिन्यातून एकदा केंद्रातल्या दहा-बारा शाळांचे शिक्षक एका शाळेत जमायचे. तेव्हा त्याला केंद्र संमेलन म्हणत, आता शिक्षण परिषद म्हणतात. ज्या शाळेत संमेलन, तिथला एक शिक्षक वर्गावर नमुना पाठ घ्यायचा. बाकीचे मागे भिंतीला टेकून बघायचे. मग चर्चा, मग वरण-बट्टीचं जेवण. आपल्याला जे जमलं ते दुसऱ्याला दाखवायचं, दुसऱ्याचं आपण उचलायचं, अशी कल्पना. कल्पना चांगलीच आहे. मला आजही चांगली वाटते.

पण एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असायची. नमुना पाठ बसवलेला असतो. आठ दिवस आधीपासून. कोणता प्रश्न येणार, हात कुणी वर करायचा, उत्तर कुणी द्यायचं, सगळं ठरलेलं. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. लग्नातल्या रुखवतासारखं होतं ते — मांडायचं, बघायचं, वा वा म्हणायचं. मागच्या रांगेत धुळ्याकडचे एक सर बसायचे, ते दर वेळी कुजबुजायचे, "बठ्ठा पोरेस्नी पाठ करेल शे, भो!" शेजारचा म्हणायचा, "करू दे ना भो. तिकडे बट्ट्या गार होऊन राहिल्या." आम्ही तोंडावर रुमाल धरून हसायचो.

सगळेच पाठ बसवायचे, म्हणून माझा दोष काही हलका होतो असं नाही. मी जे केलं ते बसवणं नव्हतं.

झालं असं. अशाच एका संमेलनात चहाच्या वेळी मी केंद्रप्रमुख साहेबांना बोलून गेलो की माझ्याकडची पहिलीची मुलं दिवाळीपर्यंत वाचतात. जूनला येतात, दिवाळीला वाचतात. का बोललो? साहेब दुसऱ्या एका शिक्षकाचं कौतुक करत होते, एवढंच. माझी एक पद्धत होती — अ-आ-इ पासून सुरुवात न करता चार-पाच अक्षरं घ्यायची, त्यांचेच शब्द करायचे, मग पुढची चार. पद्धत बरी होती. पण त्या पद्धतीनं मुलं वाचायला लागायची ती दुसरीत गेल्यावर. सव्वा वर्ष लागायचं. मी त्याचे चार महिने केले.

साहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मग नाना, पुढचं संमेलन तुमच्याकडेच. दाखवा सगळ्यांना."

तेव्हाच सांगता आलं असतं, नाही का? साहेब, जरा वाढवून बोललो. हसले असते. विषय संपला असता. मी म्हणालो — "या ना. आनंदानं या."

दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा होता. त्या दिवशी सकाळी मी पहिलीच्या सगळ्या मुलांना अंगणवाडीच्या बाईंबरोबर नदीकाठी परिसर भेटीला पाठवलं. आणि दुसरीची मुलं खोलीच्या डाव्या बाजूला आणून बसवली. फळ्यावर लिहिलं — इयत्ता पहिली. पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचं, दुसरीचा वर्ग नदीवर गेलाय. आमच्याकडची मुलं अंगानं बारीकच. सहा वर्षांचं कोणतं आणि सात वर्षांचं कोणतं, कोण ओळखणार?

मुलांनी वाचलं. न अडखळता वाचलं. साहेबांनी स्वतः पिशवीतून एक वर्तमानपत्र काढून मथळा वाचायला दिला, तोही वाचला. कुजबुजणारे धुळ्याचे सर गप्प झाले. मथळा काही पाठ करून घेता येत नाही. साहेबांनी पुढच्या बाकावरच्या वैशाली नावाच्या मुलीला विचारलं, "बाळा, तू कितवीत?"

मी तिला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. तरी तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं असेल? क्षणभरच. मी मान हलवली. ती म्हणाली, "पहिलीत."

टाळ्या पडल्या. सात वर्षांच्या मुलीला मी खोटं बोलायला शिकवलं आणि तीस शिक्षकांनी त्याला टाळ्या वाजवल्या. पण माझी खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. इथेच थांबलं असतं तर कदाचित मी हे विसरलोही असतो.

जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक शिक्षक येऊन बसले. रमजान तडवी. सातपुड्याच्या पायथ्याला, आमच्या केंद्राच्या अगदी टोकाला पावरा आदिवासींचा एक पाडा होता, तिथल्या शाळेवर ते एकटेच. एकशिक्षकी शाळा बंद ठेवून यायचं त्यांच्या जिवावर येई, म्हणून ते सहसा संमेलनाला येतच नसत. नमुना पाठ बसवलेला असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या भिंतीला टेकलेल्या माणसांत पाठ पहिल्यापासून खरा मानणारे तेवढे एकच होते.

त्यांनी ताटाला हात लावला नव्हता. हळूच म्हणाले, "नाना, माझं तर फार मागं आहे हो. माझी पोरं पावरा. घरी मराठीचा एक शब्द नाही. मी वर्षभर पुस्तकच काढत नाही. सकाळी ती येतात, रानात काय पाहिलं ते त्यांच्या बोलीत सांगतात, मी तेच त्यांच्या बोलीत खडूनं जमिनीवर लिहितो. आपण बोललो तेच जमिनीवर उमटलं म्हणून ती खूश. तेच वाचतात. मराठी मग दुसरीत आणतो. तिसरीत चांगली वाचायला लागतात. पण तुमची — चार महिन्यांत!"

त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. निव्वळ कौतुक.

मला तेव्हा कळलं होतं. हे मी आज कबूल करतो — तेव्हाच कळलं होतं की या माणसाकडे जे आहे ते आमच्यापैकी कुणाकडे नाही. मी त्यांच्या शाळेत जाऊन महिनाभर बसायला हवं होतं. पण मी त्या दिवशी मार्गदर्शक होतो ना! समोरचा विचारतोय आणि आपण सांगायचं, असा तो दिवस होता. बट्टी कुस्करत मी म्हणालो, "तडवी सर, बोलीबिली सोडा. पोरांची सवय बिघडते. पहिल्या दिवसापासून पुस्तकाची भाषा. कडक राहा. दिवाळीपर्यंत वाचतील."

"मला शिकवाल?" त्यांनी विचारलं.

सहा शनिवार ते आले. शनिवारी सकाळची शाळा आटोपून, जुन्या लुनावर, उन्हातून. एवढ्या वर्षांत माझ्याकडे शिकायला म्हणून आलेला तो एकच शिक्षक. मी त्यांना शिकवलं — मनापासून शिकवलं, याची लाज वाटते. अक्षरांचे गट करून दिले, पुठ्ठ्याची कार्डं कापून दिली, कोणत्या आठवड्यात काय घ्यायचं तेही लिहून दिलं. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. दर शनिवारी वाटायचं, आज सांगू. ते निघताना लुनाला पायडल मारायचे, आणि मी दारात उभा राहून म्हणायचो, "येत्या शनिवारी या."

पुढच्या जूनपासून त्यांनी जमिनीवर लिहिणं बंद केलं.

दिवाळीनंतर साहेब त्यांच्या शाळेला भेट द्यायला निघाले. एव्हाना मी केंद्रातला वाचनाचा तज्ज्ञ झालो होतो, म्हणून मलाही गाडीत घेतलं. त्या खोलीत आम्ही शिरलो तेव्हा पहिलीत अकरा मुलं होती. मी मोजली. अकराही गप्प. शिस्तीतलं गप्प नव्हे — परक्याच्या घरी कोपऱ्यात बसलेल्या मुलासारखं. साहेबांनी कार्ड दाखवलं, एकही तोंड उघडेना. मागच्या ओळीत तिसरी-चौथीची मुलं होती, आधीच्या पद्धतीनं शिकलेली. त्यांतली एक मुलगी न विचारता उठली आणि कार्डावरचा शब्द खणखणीत वाचून बसली.

तडवी सर घामाघूम झाले होते. म्हणाले, "साहेब, मी रोज घेतो. नानांनी सांगितलं तस्सं घेतो. माझंच कुठंतरी चुकतंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाना, पद्धतीत काही अडचण आहे का?"

सांगा, किती सोपं होतं? अडचण आहे, साहेब. पद्धत या मुलांसाठी नाही. यांची जुनी पद्धत बरोबर होती. एवढंसुद्धा पुरलं असतं, माझं गुपित न फोडता. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता — मग तुमच्याकडे चार महिन्यांत कसं काय? मी शेरेबही पुढे ओढली. शाळेला भेट देणारा ज्या वहीत आपला अभिप्राय लिहितो ती वही. साहेबांनी मला लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं, "पद्धत योग्य आहे. शिक्षकांनी ती पूर्ण तयारीनिशी राबवलेली दिसत नाही." खाली साहेबांची सही, त्याखाली माझी. अक्षर माझं सुंदर आहे. सगळे म्हणतात.

तडवी सरांनी वही घेतली, वाचली, आणि म्हणाले, "बरोबर आहे, नाना."

त्यांनी ती पद्धत सोडली नाही. सोडली असती तर मी सुटलो असतो. दोष आपला आहे असं एकदा पटल्यावर ते दर वर्षी आणखी नेटानं करत राहिले. किती वर्षं? मला नक्की माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. एवढं कानावर आलं की पाड्यावरची पहिलीची मुलं शाळेत येईनाशी झाली, तडवी सर सकाळी घरोघर जाऊन त्यांना हाताला धरून आणतात, आणि दुपारपर्यंत ती पुन्हा पळतात. आधी पळत नसत. आधी ती त्यांच्याशी बोलायला यायची.

सावद्याच्या रस्त्यावर केळीचे घड ट्रकमध्ये रचणारी तरुण मुलं दिसतात. पावरी बोलत असतात. त्या अकरांपैकी कुणी यांत आहे का, मला काय माहीत? असेलही, नसेलही. पण मी त्या बाजूनं जाताना चालण्याचा वेग वाढवतो, हे मात्र खरं.

नंतर मी केंद्रप्रमुख झालो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वरून नवं प्रशिक्षण आलं. मुलांना सुरुवातीला घरच्या बोलीत शिकवा. त्यांच्या बोलण्यातले शब्द लिहा, तेच त्यांना वाचू द्या, मग हळूहळू मराठीकडे आणा. केंद्रातल्या शिक्षकांना ते मीच शिकवायचं होतं. उभा राहिलो आणि शिकवलं. माईकवरून, ठामपणे, जणू मला हे जन्मापासून माहीत होतं. तिसऱ्या रांगेत तडवी सर बसले होते. केस पांढरे झालेले. मी बोलत होतो आणि ते ऐकत होते — त्यांचीच गोष्ट, माझ्या तोंडून. चहाच्या वेळी मी त्यांना टाळलं. पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो. केंद्रप्रमुख, छप्पन्न वर्षांचा माणूस, टाकीमागे.

मग मी निवृत्त झालो, काही वर्षांनी तेही झाले. त्यांची मुलगी नजमा शिरपूरकडच्या एका डोंगराळ गावात शिक्षिका लागली, म्हणून ते शिरपूरला तिच्याकडे राहायला गेले. मागच्या हिवाळ्यात मी ठरवलं, जायचंच. चोपड्यावरून एसटीनं गेलो. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. सोपी, छोटी वाक्यं. पहिलीच्या मुलाला देतो तशी.

त्यांना एवढा आनंद झाला! पायऱ्या उतरून खाली आले. छातीचा त्रास होता, धाप लागत होती, तरी आले. "नजमा, बघ कोण आलंय! माझे गुरू आलेत." नजमा म्हणाली, "नाना, अब्बा तुमचं नाव रोज घेतात. मी जरा आवाज चढवला की म्हणतात, नाना मुलांना आवाज न चढवता वाचायला लावायचे." मग चहा टाकता टाकता चिडवत म्हणाली, "मी मात्र तुमच्या पद्धतीनं नाही शिकवत हं. मी आधी पोरांना बोलू देते, मग त्यांचंच बोलणं लिहिते. अब्बा कधी माझ्या शाळेत आले की नुसते बघत बसतात."

तडवी सर हसले. मग ती आत गेली. खोलीत आम्ही दोघंच. मी कपाची कड धरून बसलो होतो. आता, म्हटलं. आता.

तेच बोलले. "नाना, खूप दिवस मनात आहे. तुम्ही मला एवढं शिकवलंत, शनिवारची तुमची विश्रांती मोडून. आणि मी ते वाया घालवलं. माझ्याकडून नाही जमलं. बोलीचं प्रशिक्षण आलं तेव्हाही वाटलं, तुमची पद्धत न जमणाऱ्यांसाठीच हे असेल. पोरांचं नुकसान झालं. शेरेबहीत तुम्ही लिहिलं ते खरंच होतं. मला माफ करा."

हात जोडले त्यांनी. माझ्यापुढे.

मी काय म्हणालो असेन? तुम्हाला वाटेल, आता तरी हा माणूस बोलला असेल. मी त्यांचे जोडलेले हात हातात घेतले आणि म्हणालो, "असू द्या, तडवी सर. होतं असं."

मी त्यांना माफ केलं. हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत वाईट वाक्य. वैशालीला शिकवलेलं खोटं त्यापुढे काहीच नाही, शेरेबहीतला शेराही नाही. ते माझ्या चुकीचं ओझं उचलून बसले होते आणि मी वरून थोपटलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय सुटका दिसली, सांगू? इतकी वर्षं ताठ असलेली मान सैल पडली. ती बघितल्यावर मी बोलूच शकलो नाही — असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तेही खरं नाही. मला आधीही बोलायचं नव्हतंच. चहा संपवला, बसच्या वेळेचं निमित्त केलं, निघालो. नजमा स्टँडपर्यंत सोडायला आली. तिलाही सांगता आलं असतं. बस येईपर्यंत वीस मिनिटं होती. आम्ही थंडीबद्दल बोललो.

उन्हाळ्यात तिचा फोन आला. अब्बा गेले. दफनविधी आटोपला होता. म्हणाली, "शेवटच्या दिवसांत अब्बा बरे होते मनानं. तुम्ही येऊन गेल्यापासून शांत होते."

मी "हो का" म्हणालो. फोन ठेवला.

त्यांना त्या दिवशी सांगायची होती ती वाक्यं मला अजून पाठ आहेत. तीच इथे लिहितो, दुसरीकडे ठेवायला आता जागा नाही. तडवी सर, त्या दिवशी माझ्या वर्गात बसलेली मुलं दुसरीची होती. चार महिन्यांत कुणीच वाचत नव्हतं, माझ्याकडेही नाही. जमिनीवर लिहिलेलं वाचणारी तुमची पोरं खरी होती, आणि ते मी तेव्हाच ओळखलं होतं. तरी तुम्हाला ते सोडायला लावलं, आणि वर दोष तुमच्या नावावर लिहिला. तुमचं कुठेच चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं.